खुलासा : अमेरिकेत ‘डॉक्टरऐवजी नर्स’ म्हणजे कोण?

‘अमेरिकेत कॅन्सरच्या पेशंटची नर्सवरच बोळवण करतात’ हा फिरणारा मेसेज अर्धवट आहे. ती नर्स प्रॅक्टिशनर असते: नर्सिंगनंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, वर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. केमोचा मूळ आराखडा सहसा ऑन्कोलॉजिस्टच (कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टर) ठरवतो. मधल्या तपासण्या, रक्ताचे रिपोर्ट, उलट्यांवरची औषधं ती बघते. ‘शर्टाची बटणं लावता येतात ना?’ असं ती विचारते ते गप्पा म्हणून नव्हे. केमोने बोटांच्या नसा दुखावल्यात का, हे त्यातून कळतं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या २०१०च्या गाजलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना लवकर पॅलिएटिव्ह केअर (वेदना, त्रास कमी करणारे उपचार) देणाऱ्यांत डॉक्टरांसोबत अशा नर्सेसही होत्या. डॉक्टरांच्या देखरेखीविना काम करायची मुभा मात्र राज्यागणिक बदलते.