अण्णाला पण फॉर्म भरायला लावला

अण्णा रुसलाय हे एव्हाना सोलापूरच्या अख्ख्या कन्ना चौकाला माहीत झालंय. उन्हाळी शिबिराला जोडून मंडळ जे पाळणाघर सुरू करतंय तिथं पाय ठेवणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून आणायची असं ठरलं आणि यादीत अण्णाचं पण नाव आलं. काल संध्याकाळी कट्ट्यावर बसायच्या आधीच सुरू झाला.

"तीस वर्षं समाजकार्यात आहे मी. आता माझं चारित्र्य हवालदार ठरवणार काय बे?"

"मागच्या गड्डा जत्रेला पंचवीस होती," मल्लू बोलला.

"तू गप बे. गणपतीला स्टेज कुणी मिळवून दिला तुला?"

"स्टेज दिलास, वर्गणीचा हिशोब कुठं दिलास?"

झालं. वर्गणीवर दहा मिनिटं गेली. कुणी किती पावत्या फाडल्या, मांडववाल्याचे पैसे कुणी दिले, सगळं परत निघालं. शेवटी रफिकनं ओढून गाडी मुद्द्यावर आणली. रफिक शाळेची व्हॅन चालवतो.

"बॅज काढताना माझी पोलीस पडताळणी झाली. फोटो दिले, आधार दिलं, चौकीत जाऊन बसलो, साहेब विचारतील त्याची उत्तरं दिली. मी काय रडत बसलो का? उलट पालक विचारतात तेव्हा कागद काढून दाखवतो."

"तू धंदा करतो, मी सेवा करतो," अण्णा. "मी पगार घेतो का? मला कसला नियम लागू?"

आता खरं सांगायचं तर अण्णाच्या हातात नकळत एक मुद्दा लागला होता. मल्लूनं मोबाईलवर पोक्सोचे, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे, २०२० चे नियम काढले. शाळा, पाळणाघर, खेळाची अकॅडमी, जिथं जिथं लहान मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या सगळ्या स्टाफची, शिकवणारा असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करायचीच असं त्यात आहे. पण शब्द आहे कर्मचारी. फुकट राबणाऱ्या माणसाचं नाव त्यात सरळसरळ नाही.

"बघा! मी कर्मचारी नाही!" अण्णानं मांडीवर थाप मारली.

अक्का इतका वेळ पायरीवर बसून शेंगा निवडत होती. कट्ट्याला लागूनच तिचं घर आहे, विड्या वळायचं सोडल्यापासून गल्लीतली आठ-नऊ पोरं सांभाळते, कुणाची आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, कुणाची गारमेंटला. मान वर न करता म्हणाली,

"पोराला काय कळतंय तुला पगार आहे का नाही ते?"

अण्णा गप्प. मला तिथंच टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

मग अंबादासचं सुरू झालं, त्याला प्रत्येक गोष्टीत उलटी बाजू लागतेच. त्याची भाची मेलबर्नला असते, तिच्याकडून त्याला सगळं कळतं. "तिकडं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक आहे, म्हणजे पोरांमध्ये काम करायच्या आधीची सरकारी तपासणी. तरी २०२५ च्या जुलैत काय बाहेर आलं? २६ वर्षांचा पोरगा, वीस सेंटरमध्ये काम केलेला, बाराशे पोरांच्या तपासण्या करून घ्या म्हणून आईबापांना सांगावं लागलं. त्याच्याकडं तो चेक होता की! तेव्हा पोरांवर अत्याचार केल्याचे आरोपच होते, पण कागद काय कामाला आला?"

"कागदात पकडला गेलेलाच दिसतो," अक्का म्हणाली. "न पकडलेल्याला डोळे लागतात."

"मग कागद कशाला?"

"एकदा आत जाऊन आलेला तरी दारात अडू दे की."

रफिक म्हणाला बदलापूर विसरला का. २०२४ च्या १ ऑगस्टला एजन्सीकडून शाळेत सफाईला आलेला माणूस आणि बारा-तेरा तारखेचा लहान मुलींवरच्या अत्याचाराचा प्रकार. चौकशी करायची कुणी, शाळा म्हणते एजन्सीनं, एजन्सी कुणाकडं बोट दाखवणार? माझं म्हणणं याच्याही पुढं आहे आणि ते मी तिथं बोललो पण. मागच्या ठिकाणी फोन लावा, काम का सोडलं ते विचारा, कारण संस्थेला बदनामी नको असते म्हणून राजीनामा घेतात, गुपचूप पाठवतात आणि तोच माणूस पुढच्या गावात परत पोरांमध्ये. कळून पण पोलिसांना न सांगणं हा पोक्सोत गुन्हा आहे, बदलापुरात संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवर पण गुन्हा दाखल झाला. लोकांना हे माहीतच नसतं.

"म्हणजे सगळे चोरच," अण्णा पुटपुटला. "आपल्या माणसावर विश्वास नाही."

"अण्णा, खोली भाड्यानं देताना भाडेकरूचा फॉर्म पोलीस स्टेशनला देतोस ना?" मल्लू. "चार भिंतींसाठी देतोस आणि पोरांसाठी लाज वाटते?"

"भाडेकरू परका असतो बे!"

त्यावर अक्कानं सूप बाजूला ठेवलं. "परका माणूस पोराजवळ येतो का? मी येऊ देते का? येतो तो ओळखीचा. माझी चौकशी करा, करायलाच पाहिजे. पण माझा दीर येतो, पोराचे दोस्त येतात, त्यांची कोण करणार? पाहुणा आला की मी चहा ठेवायला आत जाते. तेवढा वेळ पोरं कुणाजवळ असतात, सांग." मग म्हणाली की हल्ली ती चहा ठेवतच नाही, पाहुण्याला गाड्यावर पाठवते, दीर त्यावरून दिवाळीपासून बोलत नाही.

कुणी काही बोललं नाही. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचे आकडे दरवर्षी हेच सांगतात, पोक्सोच्या केसेसमध्ये आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. पण स्वतःच्या दिराला दारात अडवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, आणि असल्या बाईकडं पोरगं ठेवून मी निवांत कामाला जाईन.

अण्णानं मग मल्लूकडं हात केला. "दाखव तो फॉर्म." मल्लूनं ऑनलाईन उघडला, नाव, पत्ता, सगळं भरत गेला. एका ठिकाणी थांबला.

"तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय. अण्णा, त्या डीजेचं लिहू का?"

"ती केस मिटली!"

"मिटली तरी लिही," अक्का.

"अगं, त्यात माझं नाव चुकून आलं होतं, डीजे अंबादासनं आणला होता!"

"मी? बेस लावायला कुणी सांगितला?" अंबादास उठूनच उभा राहिला, रफिक हसून हसून कट्ट्यावरून खाली सरकला, आणि मल्लू त्या रात्रीचा आवाज तोंडानं काढून दाखवायला लागला तेव्हा फॉर्मात पुढं काय विचारलंय ते कुणालाच ऐकू येईना.