कपाट कोणी उचललं?

विन्या आला तोच फोन पुढे नाचवत. "वाचलंस ना? सोमवारपासून सगळे एका हॉलमध्ये. डिझाइन, उत्पादन, खरेदी, हिशेब. भिंती गेल्या! आता बघा इनोव्हेशन कसं फुटतं ते."

"फुटतं म्हणजे? गळू आहे का ते?" मंजू म्हणाली.

मेल मलाही आला होता, आम्ही दोघं एकाच कंपनीत. पण विन्या गेल्या वर्षी दोन दिवसांचं शिबिर करून आला आणि तेव्हापासून 'जरा हात लाव रे' यालाही सिनर्जी म्हणतो. आजही त्याने लगेच पोस्ट-इटची, म्हणजे त्या चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची, गोष्ट काढली. शिबिरात बहुतेक एवढी एकच सांगितली असावी. थ्रीएम या अमेरिकन कंपनीतल्या सिल्व्हरने घट्ट गोंद करायला घेतला आणि झाला तो धड न चिकटणारा. त्याच कंपनीतला फ्राय चर्चमध्ये गायचा, त्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. "एकाचा गोंद, दुसऱ्याची चिठ्ठी! वेगवेगळी डोकी एकत्र आली की असं होतं."

"गोंद कधीचा?" मंजूने विचारलं.

"अं... जुना आहे."

"१९६८ चा. फ्रायला सुचलं १९७४ मध्ये. अमेरिकाभर विक्रीला आलं १९८० मध्ये. मधली वर्षं तो सिल्व्हर ज्याला त्याला आपला निकामी गोंद दाखवत फिरत होता आणि कंपनीने त्याला फिरू दिलं. तुमचा साहेब बारा वर्षं सोड, बारा आठवडे थांबेल?"

बाळ्या हिशेबातला. तो बोलतो कमी, पण बोलला की आकडा घेऊनच बोलतो. "आणि भिंतींचं म्हणशील तर २०१८ चा हार्वर्डचा अभ्यास आहे. दोन मोठ्या कंपन्यांत माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. भिंती पाडल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. मेल वाढले."

"म्हणजे शेजारी बसून मेल," अण्णा म्हणाले. "आमच्या वेळी निदान ओरडायचो तरी."

अण्णा टूलरूममधून, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साधनं बनवतात तिथून, निवृत्त झाले, आमच्याच कंपनीतून. इथे मला पुढचं दिसू लागलं होतं. विषय काहीही असो, अण्णा त्या बोल्टवर येतातच.

"या चित्रकाराला विचारा," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. मी ड्रॉइंगला असल्यामुळे त्यांच्या लेखी चित्रकार. "फिक्श्चरचं, म्हणजे काम पकडून ठेवायच्या साधनाचं, ड्रॉइंग आलं. बघितलं तर ॲलन बोल्ट बरोबर आधाराच्या पट्टीच्या मागे. तो फिरवायची वाकडी की आत जाईना. गेली तर फिरेना. मी वर जाऊन सांगितलं. साहेब काय म्हणाले? 'अण्णा, ड्रॉइंगप्रमाणे बनवा.' बनवलं. दोन महिन्यांनी बोल्ट पलीकडच्या बाजूने आला. आणि सर्टिफिकेट कोणाला? 'डिझाइन सुधारणा!'"

सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे. खणात उपडं ठेवलंय. त्या दिवशी अण्णा बाही सावरत टेबलापाशी उभे होते, हातात ती वाकडी की, आणि मी स्क्रीनवरून नजरही उचलली नव्हती. हे मी कट्ट्यावर कबूल केलेलं नाही, करणारही नाही.

"बघा ना!" विन्या उसळला. "एका हॉलमध्ये असता तर हे झालंच नसतं!"

"अरे मी त्याच्या टेबलाशीच उभा होतो!" अण्णा.

एवढ्यावर खरं तर चर्चा संपायला हरकत नव्हती, पण मंजूची ड्यूटी आयसीयूत. ऑपरेशन झालेला पेशंट ताब्यात घेणं हे तिचं रोजचं काम. ती म्हणाली, "तो क्षण तुम्ही बघितलेला नाही. खाट दारातून आत येते, एक जण व्हेंटिलेटर जोडतोय, एक ड्रिपच्या नळ्या सोडवतोय, त्यात एक वायर चाकाखाली. आणि त्याच वेळी ऑपरेशनमध्ये काय काय झालं ते दोघं एकदम सांगतायत. सगळेच हुशार. ऐकणारा मात्र कोणी नाही."

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशननंतर हेच व्हायचं. तिथल्या दोन थकलेल्या डॉक्टरांनी टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत बघितली आणि मग ते फेरारीच्या शर्यतीच्या टीमला जाऊन भेटले. तेव्हा पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी मधेच थांबते तिथे, वीसेक माणसं सात-एक सेकंदांत चाकं बदलून इंधन भरून मोकळी व्हायची, तीही जवळजवळ न बोलता.

"आणि त्यात एक जण कशालाच हात लावायचा नाही," मंजू म्हणाली. "फलक धरून उभा. सगळं झालं की तो गाडी सोडायचा. हॉस्पिटलात असा माणूस ठरलेलाच नव्हता. मग भूल देणाऱ्या डॉक्टरकडे ते काम दिलं. कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलं. आधी यंत्रं जोडायची, मग बोलायचं. २००७ मध्ये छापून आलंय: यंत्रं-नळ्यांच्या चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी निम्म्यावर. आणि वेळ वाढला नाही, उलट दीडेक मिनिट वाचला."

"हेच तर मी म्हणतोय!" विन्या.

"नाही. तू हॉल म्हणतोयस. ते डॉक्टर उठून दुसऱ्याच्या दारात गेले, स्वतःची गचाळ पद्धत उघडी करून म्हणाले, सांगा काय चुकतंय. तुमच्यातलं कोण टूलरूममध्ये जाऊन असं विचारेल?"

मी बूट बघत बसलो.

बाळ्याने आणखी एक काडी टाकली. ली फ्लेमिंग नावाच्या प्राध्यापकाने १७,००० पेटंटं तपासली. टीममधली माणसं जितकी वेगवेगळ्या विषयांतली, तितका कामाचा सरासरी दर्जा खाली. पण क्वचित जे जोरदार निघतं, ते अशाच टीममधून. विन्याने अर्थातच दुसरं अर्धं वाक्य तेवढं ऐकलं आणि फोनमध्ये टिपून घेतलं.

"बहुतेक वेळा फसणार, हे पण लिही," मंजू म्हणाली. "ते साहेबाला आधी सांग."

"आणि एकत्र आलं की जोर वाढतो असं नाही," बाळ्या थांबेना. "रिंगेलमन म्हणून फ्रेंच शेती-इंजिनिअर होता, त्याने माणसांना दोरी ओढायला लावली. आठ जण मिळून ओढू लागले की एकेकाचा जोर जेमतेम निम्मा."

झालं. अण्णांनी हळूच मान वळवली. "माझं कपाट चढवलं तेव्हा पण चौघंच होतो ना रे?"

"अण्णा, मी खालच्या बाजूला होतो," मी आधीच सांगून टाकलं.

"मी मागून," बाळ्या.

सगळे विन्याकडे बघायला लागले.

"मी... मी दिशा सांगत होतो. 'डावीकडे, डावीकडे.' कोणीतरी फलकवाला लागतोच! आत्ताच मंजू म्हणाली!"

"दरवाजाची चौकट अजून खरवडलेली आहे," अण्णा म्हणाले. "डावीकडेच."

मंजूला ठसका लागला. विन्या सांगत राहिला की त्याचं डावं म्हणजे त्याच्या बाजूने डावं, पण तोवर कोणी ऐकायच्या स्थितीत नव्हतं.