'कर नाही त्याला डर कशाला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, त्या निकालावर मी लिहिलं, त्याखाली 'एक करदाता' या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. ती काढून टाका, असं दोन-तीन वाचकांनी मला सुचवलं. मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तुम्ही शिवीगाळ केलेली नाही, मुद्दे मांडले आहेत, आणि त्यातला पहिला मुद्दा तर असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय या विषयावर पुढे लिहायचा मला हक्क नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अफवांनी माणसं मरतात, मग सरकारने हातावर हात ठेवून बसायचं का? खरं बोलणाऱ्याला कसली भीती, कर नाही त्याला डर कशाला? माझ्यासारख्यांना स्वातंत्र्याचा उमाळा फक्त आत्ताच्या सरकारच्या काळातच कसा येतो? आणि शेवटी, उद्या माझ्याच मुलीचा फोटो कुणी बिघडवून फिरवला तर मी काय करणार?

तुम्ही रेनपाड्याचं नाव घेतलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेकरी म्हणून आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात मोबाइलवर फिरत होते. मारहाण करून त्यांना कोंडलं ते ग्रामपंचायतीच्या खोलीत. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती, आणि आजही तो विषय निघाला की मी गप्प होते. तेव्हा 'स्वातंत्र्यवाल्यांना मेलेल्या माणसांची पर्वा नाही' हे तुमचं वाक्य मला लागलं, हे लपवत नाही.

पण उच्च न्यायालयाने रद्द केलेला नियम रेनपाड्यासाठी नव्हताच. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या 6 एप्रिल 2023 च्या दुरुस्तीत काय होतं, ते नीट वाचा. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, असं केंद्रानेच नेमलेल्या युनिटने ठरवायचं. फक्त केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्यात कुठेच बसत नव्हती. तुमच्या-माझ्या गल्लीत दंगल पेटवणारा मेसेजही बसत नव्हता. नोटाबंदी, लस, रेल्वे, सैन्यभरती, जीएसटी यांबद्दल कुणी काही लिहिलं, तर ते बसत होतं. रेनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. खुनाचा खटला चालला आणि 2024 मध्ये सात आरोपींना जन्मठेप झाली. जे कायदे होते ते वापरले गेले. कमी काय पडलं असेल, तर त्या सकाळी बाजारात उभं राहून, लोकांच्या बोलीत, 'अरे, अशी टोळी नाही' असं सांगणारा सरकारी माणूस. दिल्लीतल्या युनिटने तो आला नसता.

आता आपल्या मुंबईतली गोष्ट घ्या. 14 एप्रिल 2020. लॉकडाऊन वाढल्याचं सकाळी जाहीर झालं आणि दुपारी वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला, मशिदीपाशी, हजारो परप्रांतीय मजूर गोळा झाले. लाठीमार झाला. मजुरांसाठी गाड्या सुटणार अशी बातमी दिल्याबद्दल एका मराठी वाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली. बातमी त्याने मनातून रचलेली नव्हती. विशेष गाड्यांबद्दलचं रेल्वेचं अंतर्गत पत्र तिच्यामागे होतं. मजूर त्या बातमीमुळे जमले की पोटात अन्न नव्हतं म्हणून, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या पत्रकाराला पुढे जामीन मिळाला. रेल्वेने त्या वेळी सांगितलं की प्रवासी गाड्या 3 मेपर्यंत बंदच आहेत. आणि 1 मेला लिंगमपल्लीहून हटियाला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली.

मला सांगा, 14 एप्रिलला त्या बातमीवर 'खोटी' असा शिक्का कुणी मारला असता? ज्या सरकारची रेल्वे, त्याच सरकारच्या युनिटने. आणि शिक्का बसल्यावर ती बातमी इंटरनेटवरून गेली असती. मग सरकारच्या मनात गाड्या सोडायचा विचार होता की नव्हता, हे विचारायला कुणाच्या हातात काय उरलं असतं? सोसायटीच्या हिशेबावर सभासदाने हरकत घेतली, तर ती हरकत खरी की खोटी हे सेक्रेटरी ठरवत नाही. त्यासाठी ऑडिटर असतो, उपनिबंधक असतो. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. खोटं बोलायची मुभा मी मागत नाही. खोटं कोणतं, हे ज्याच्यावर टीका झाली त्यानेच ठरवू नये, असं म्हणते.

न्यायालयातही वाद याच्याभोवतीच होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांच्या याचिकांवर 31 जानेवारी 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला. न्या. नीला गोखले यांनी तो ग्राह्य धरला. टीका, उपहास, मत यांना नियम हात लावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते निकालपत्रही वाचण्यासारखं आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राने आपल्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) युनिटची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबरला न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि नियम पडला. सरकारला खुलासा करायला आजही कुणाची आडकाठी नाही. पत्र सूचना कार्यालयाचं तपासणीचं काम 2019 पासून चालू आहे. आपलं म्हणणं त्यांनी रोज मांडावं, पुराव्यासह मांडावं. मी ते वाचते, चांगलं असलं तर पुढेही पाठवते.

आता कर आणि डर.

तुम्ही म्हणता, सामान्य माणसाला या नियमांशी काय घेणं? ते कामरासारख्यांसाठी आहेत. मे 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी कलम 144 खाली समाजमाध्यमांबद्दल एक आदेश काढला होता. करोना रोखण्यासाठी सरकारी यंत्रणा जे करते आहे त्याबद्दल अविश्वास पसरवणारे मेसेज नकोत, असं त्यात होतं, आणि ग्रुप ॲडमिनवरही जबाबदारी टाकलेली होती. त्या दिवसांत आमच्या इमारतीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी लिहिलं होतं, सासऱ्यांना धाप लागली आहे, हेल्पलाइनवाले बेड नाही म्हणतात, कुणाची ओळख आहे का? खाली कुणीतरी तो आदेशच चिकटवला. सोबत 'जरा सांभाळून'. पाच मिनिटांत ताईंच्या नावापुढे 'मेसेज काढून टाकला आहे' अशी ओळ आली आणि रात्री ॲडमिननी ग्रुप फक्त ॲडमिनपुरता करून टाकला. ताईंनी काय कर केला होता? खोटं बोलल्या होत्या? त्यांना कुणी नोटीस दिली नाही, पोलीस आले नाहीत. नियम नुसता असण्यानेच एवढं झालं. (बेडची सोय शेवटी झाली. ग्रुपवर विचारून नाही. दारोदार फोन करून.)

ॲडमिनने घाबरायचं कारण नव्हतं, हे नंतर कळलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की ग्रुपमधल्या दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. पण असे निकाल किती जणांपर्यंत पोहोचतात? धसका मात्र दुपारपर्यंत पोहोचतो.

पालघर आठवतं का? नोव्हेंबर 2012. बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ होतं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असलं काहीही लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांतून त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की याखाली कुणावर खटला चालवू नका. सात वर्षं! तेव्हा 'चुकीचं झालं तर न्यायालय आहेच की' हे तुमचं वाक्य मला धीर देत नाही. न्यायालय आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तिथपर्यंत पोहोचेतो माणसाची नोकरी, झोप, आई-वडिलांची तब्येत सगळं पणाला लागलेलं असतं.

पक्षपाताबद्दल. 66अ आलं ते 2008 च्या दुरुस्तीने, यूपीएच्या काळात. पालघरच्या अटका, व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीवर मुंबईत लागलेला राजद्रोह, दोन्ही काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार असताना. मे 2020 चा आदेश आणि वांद्र्याच्या पत्रकाराची अटक महाविकास आघाडीच्या काळात. शरद पवारांवरची दुसऱ्याने लिहिलेली पोस्ट शेअर केली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे 2022 मध्ये महिन्याहून अधिक काळ कोठडीत होती, तेही त्याच सरकारच्या काळात. ती पोस्ट मला वाचवली नाही इतकी वाईट वाटली, आणि तरीही तिची कोठडी चूकच होती, असं माझं मत आहे. फॅक्ट चेक युनिटचा नियम एनडीएचा. आता यातून माझा पक्ष कोणता, ते तुम्हीच सांगा. खुर्चीत जो बसतो त्याला टीका बोचते आणि हाताशी असलेलं कलम उचलावंसं वाटतं. म्हणून कलमच असं असावं की ते कुणाच्याही हाती गेलं तरी माणूस सुरक्षित राहील.

याच शहरात याच न्यायालयाने आणीबाणी चालू असताना, 1976 मध्ये, मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर अडवणाऱ्या सेन्सॉरचे आदेश रद्द केले होते. न्या. मदन यांनी त्या निकालात म्हटलं होतं की सगळ्या वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्याला शिडं लावावीत, एका सुरात बोलावं, हे पाहणं सेन्सॉरचं काम नाही. तेव्हा सेन्सॉर निदान दिसत तरी होता. नाव, हुद्दा, कचेरी, सही.

आजची पद्धत मला जास्त काळजीत टाकते ती याच कारणाने. सरकार तुम्हाला काही म्हणतच नाही. ते कंपनीला म्हणतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 नुसार, लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी फेसबुक, यूट्यूब, एक्स यांना जबाबदार धरत नाहीत. पण सरकारने कळवल्यावर मजकूर हटवला नाही तर ते संरक्षण जातं. कंपनी काय करेल? घाटकोपरच्या कुणा माणसाच्या चार ओळींसाठी ती कोर्टाची पायरी चढेल? ती चार ओळी काढून टाकेल आणि तुम्हाला एक छापील वाक्य पाठवेल. केंद्र सरकारच्या 'सहयोग' पोर्टलवरून अशाच सूचना जातात. एक्स कंपनीची त्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली, म्हणजे न्यायालयांचं सगळीकडे माझ्यासारखं मत नाही, हे मान्य. त्यानंतर केंद्राने अशी सूचना सहसचिव दर्जाच्या किंवा पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढावी, असा बदल केला. त्याचं मी स्वागत करते. पण ज्याचा मजकूर जातो त्याला कारण कळत नाही, बाजू मांडता येत नाही, तोवर ते अपुरं आहे. 66अ रद्द करणाऱ्या त्याच निकालात सरकारला मजकूर रोखायचा अधिकार देणारं कलम 69अ टिकलं, ते त्यात लेखी कारणं आणि ठरलेली प्रक्रिया आहे म्हणून. मला तेवढंच हवं आहे: लेखी कारण, लिहिणाऱ्याला नोटीस, आणि आदेश लोकांना वाचता येईल असा जाहीर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या मुलीचा फोटो.

इथे तुमच्यात आणि माझ्यात वाद नाही. अशा फोटोला अभिव्यक्ती म्हणायला मी तयार नाही, आणि तो ताबडतोब हटायलाच हवा. त्यासाठी वेगळी तरतूद आहे, ती फॅक्ट चेक युनिटबरोबर गेलेली नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतच आहे की नग्न किंवा खासगी फोटो, किंवा चेहरा चिकटवून बनवलेले बनावट फोटो असतील, तर ज्या व्यक्तीचे ते आहेत तिच्या तक्रारीवरून कंपनीने दोन तासांत कारवाई करावी (फेब्रुवारी 2026 पर्यंत ही मुदत 24 तासांची होती). तक्रार कोण करतं ते पाहा: जिचा अपमान झाला ती. तिथे सरकार स्वतःची तक्रार स्वतःच निवाड्याला काढत नाही.

कुणावर अशी वेळ आलीच, तर घाबरून काही डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्या पानाचा पूर्ण पत्ता आणि वेळ लिहून ठेवा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. जवळच्या पोलीस ठाण्यालाही तक्रार घ्यावी लागते. 'सायबरला जा' म्हणून परत पाठवलं तर तसं लिहून मागा. आणि मुलीला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

तुम्ही टोपणनावाने लिहिलंत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. या उत्तरावर जे काही म्हणायचं असेल ते याच नावाने लिहा, मी ते जसंच्या तसं इथे ठेवीन.