झाड मेलेलं नव्हतं, ताई

नमस्कार ताई,

आमच्याकडून नेलेल्या झाडाबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. एप्रिलमध्ये तुम्ही दोनदा फोन केलात आणि मी उलट फोन केला नाही. ती चूक माझीच, त्याबद्दल माफी मागतो.

पण ‘२४ डॉलर घेऊन मरायला टेकलेलं झाड गळ्यात मारलं’ हे वाक्य मनातून जात नाही. सप्टेंबरात तुम्ही ‘पँडोराज बॉक्स’ (होस्टा या शोभेच्या पानांच्या झाडाची एक बुटकी जात) नेलंत तेव्हा त्याला नऊ पानं होती, तुमच्यासमोरच मोजली होती. नोव्हेंबरात ती पिवळी पडून गेली, कारण होस्टा थंडीत झोपतोच. कोंब मातीत जिवंत असतात. गावाकडे हळदीचा पाला वाळला म्हणून हळद मेली असं कुणी म्हणतं का? उलट सहा-सात आठवडे कडक गारठा मिळाला नाही, तर वसंतात तो धड फुटत नाही. न्यू जर्सीत गारठ्याला काय तोटा! कुंडी हीटिंग नसलेल्या गराजमध्ये ठेवायची, माती अगदी कोरडी पडली तर घोटभर पाणी, बस्स. कुंडीसोबतच्या चिठ्ठीत हे मराठीत लिहिलं होतं. तुमच्याच फोटोत कुंडी दिवाणखान्यात, हीटिंगच्या जाळीला लागून आहे आणि माती चिंब ओली. उबेत आणि ओलीत एवढ्याशा झाडाची मुळं कुजायला कितीसा वेळ लागणार?

‘चमचाभर झाडाला एवढे पैसे’ म्हणालात. या जातीचं पान मधे पांढरं, कडेला हिरवं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, त्या बारीक हिरव्या काठावर सगळं झाड जगतं. माझ्याकडे चार इंची कुंडी भरायला तीन वर्षं लागली. त्यात एखादा निव्वळ हिरवा कोंब फुटला तर तो मुळापासून काढावा लागतो, नाहीतर तोच जोमाने वाढून पांढऱ्याला मागे टाकतो.

‘मराठी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती’ हे फार लागलं. आम्ही नवराबायको दोघंच परसात हे करतो, वर्षाची कमाई सहा महिन्यांत होते. तुमचा अभिप्राय दाखवून या आठवड्यात दोघांनी ऑर्डर रद्द केली.

चिठ्ठी आता मोठ्या अक्षरात छापू, फोनचंही काहीतरी बघतो. कुंडी अजून टाकली नसेल तर घेऊन या. एखादं जरी पांढरं, टणक मूळ सापडलं तरी झाड मी माझ्याकडे ठेवून जगवायचा प्रयत्न करीन. त्याचे पैसे घेणार नाही.