पट्ट्यातली काडतुसं हिरवी का पडली: ग्राहकाच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा मीही मराठीतच उत्तर देतो. इथे अलास्कातल्या अँकरेजमध्ये आपली माणसं मोजकी आहेत. त्यांच्यातलं कुणी उद्या अस्वलांच्या धास्तीने रिव्हॉल्व्हर बांधून सामन मासे पकडायला इथल्या रशियन नदीवर निघालं, तर हे उत्तर त्यांनाही उपयोगी पडावं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पट्ट्यातली काडतुसं पावसाळी महिन्याभरात हिरवी पडली, काडतुसं खोचायची कातडी घरं इतकी घट्ट आहेत की काडतूस निघता निघत नाही, दुसरीकडे याच पैशात अठरा घरांचा पट्टा मिळतो आणि आमच्याकडे सहाच, आणि पाठपिशवीला लावायची काडतुसांची थैली मागितली तर आम्ही ती शिवून द्यायला नकार देऊन वर उपदेश केला. दोन तारे दिलेत. ते राहू द्या. पण यातली एकही गोष्ट निष्काळजीपणाने झालेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिरवेपणाचं. आमचं कातडं झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं असतं. होल्स्टरला (रिव्हॉल्व्हरच्या कातडी म्यानाला) आणि पट्ट्याला तेच लागतं, कारण ओलं करून साच्यावर बसवलं की ते तो आकार धरून ठेवतं. पण त्या अर्कात आम्ल असतं आणि काडतुसाची पुंगळी असते पितळेची. घरी पितळेच्या पातेल्यात आमटी राहिली की कळकते ना, तेच इथे होतं. त्यात पावसाचं पाणी मुरलं की आणखी लवकर. चांगल्यात चांगल्या कातड्यातही पितळ असंच हिरवं होणार. म्हणून पट्टा हा काडतुसं बाळगायची जागा, साठवायची नव्हे. घरी आलात की काढून डब्यात ठेवा आणि पट्टा सावलीत वाळू द्या. हिरवा थर कोरड्या, खरबरीत कापडाने पुसून निघतो. तेल मात्र लावू नका, तळाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, झिरपलं तर ऐन वेळी काडतूस फुसकं निघेल. थर तसाच राहू दिला तर जाड होतो आणि काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये, म्हणजे ते भरायच्या भोकात, पूर्ण बसत नाही. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या मिळतात, त्या बऱ्याच टिकतात. अलास्काच्या किनाऱ्याकडच्या पावसात त्याच घ्या असं मी सांगेन.

आता घट्टपणा. तुम्ही वापरता त्या .४४ मॅग्नम काडतुसाची नुसती गोळी ३०५ ग्रेनची, म्हणजे जवळपास २० ग्रॅम. पोलीस पूर्वी वापरत त्या .३८ ची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, याच्या निम्मी. एवढं वजन कमरेला दिवसभर हिंदकळतं. तुम्ही मासा साफ करायला गुडघ्यावर बसता, ऑल्डरच्या झुडपातून वाकून जाता, होडीतून उडी मारता. घर जरा सैल असलं की प्रत्येक हिसक्याला काडतूस केसभर वर सरकतं आणि संध्याकाळी मोजाल तेव्हा दोन कमी भरतात. म्हणून नवं घर घट्टच शिवायचं, ते वापरून आपोआप सैलावतं. ते लवकर व्हायला हवं असेल तर रिकाम्या पुंगळ्या रात्रभर घालून ठेवा. आणि काडतूस वरून ओढू नका. खालून गोळीच्या टोकाला बोटाने रेटा, कड वर आली की चिमटीत धरा. हातमोजे घालूनही जमतं. याच कारणासाठी .४४ चा पट्टा आम्ही .४५ कोल्ट या दुसऱ्या काडतुसाला चालेल म्हणून विकत नाही. दोन्ही पुंगळ्यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच फरक आहे, आणि कातड्याला तेवढा पुरतो.

सहा घरांबद्दल मात्र मी ठाम आहे. अठरा घरांच्या पट्ट्यातली निम्मी पाठीमागे जातात. पाठपिशवीचा कमरपट्टा नेमका त्यांच्यावर बसतो, काडतुसं खालून वर ढकलली जातात, आणि हवी तेव्हा हात तिथे पोचत नाही. नदीत उतरायचे वेडर छातीपर्यंत चढवलेत की कमरेचा सगळा पट्टाच रबराखाली गडप. इथले मासे धरणारे लोक रिव्हॉल्व्हर छातीवरच्या होल्स्टरमध्ये घालतात ते त्यासाठीच. आमची सहा घरांची पट्टी सुटी आहे, मागच्या दोन खाचांतून पट्टा ओवायचा. कमरेवरून काढून छातीवरच्या पट्ट्यावर चढवायला मिनिटही लागत नाही. दुकानात दाखवलं होतं, पुन्हा दाखवीन.

स्पीडलोडर का सुचवला नाही, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंत. तुमचं रिव्हॉल्व्हर रूगर सुपर ब्लॅकहॉक आहे. १९५९ पासून चालत आलेलं हे मॉडेल सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने मागे ओढायचा) आहे, त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, बाहेर झुलत नाही. बाजूचं छोटं दार उघडायचं, सिलिंडर एकेक चेंबर फिरवायचं, दांडीने रिकामी पुंगळी मागे ढकलायची, नवं काडतूस घालायचं. सहाच्या सहा एकदम घालणारा स्पीडलोडर त्याला लागूच पडत नाही. रेडहॉकसारखं बाजूला उघडणारं सिलिंडर असतं तर मी तोच दिला असता. तुमच्या हत्याराला एकेक काडतूस हाती देणारं घरच योग्य, आणि ते तुमच्याकडे आहे.

पण जादा काडतुसं असतात कशाला, याबद्दल दुकानात आपलं बोलणं अर्धवट राहिलं होतं. अस्वल धावून येतं तेव्हा तुम्हाला पुन्हा भरायला वेळ मिळणार नाही. ग्रिझली अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वर पळतं. त्या क्षणी जे आहे ते सिलिंडरमध्ये, आणि त्याही आधी हातातला मिरचीचा फवारा. फवारा सोबत असलाच पाहिजे, तो नसेल तर आधी तो घ्या, पट्टा नंतर. जादा सहा आहेत ते त्यानंतरच्या तासांसाठी. जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर अलास्काच्या कायद्यानुसार त्याचं नखांसकट कातडं आणि कवटी तुम्हालाच काढून सरकारजमा करावी लागते. म्हणजे रक्ताच्या वासात बराच वेळ खाली मान घालून काम, आजूबाजूला कदाचित पिल्लं किंवा दुसरं अस्वल, आणि मग गाडीपर्यंतची वाट. तेव्हा रिकामं रिव्हॉल्व्हर नको. यासाठी सहा पुरतात, फक्त ती अंगावर हवीत. पिशवी तर बसल्या जागी आपण पहिली उतरवून ठेवतो.

आणि आता ती थैली. तुम्ही बोलता बोलता म्हणालात की हीच पाठपिशवी घेऊन डिसेंबरात पुण्याला जाणार आहात. मी नकार दिला तो त्या वाक्यामुळे. थैलीतून निसटलेलं एक काडतूस पिशवीच्या तळाशी अस्तरात जाऊन बसतं आणि झटकूनही पडत नाही. इथल्या विमानतळावर सापडलं तर चौकशी आणि दंडावर भागेल. अमेरिकेत काडतुसं विमानाने न्यायची तर ती चेक-इन सामानात, काडतुसांसाठीच बनवलेल्या खोक्यात लागतात, कातड्याच्या थैलीत चालत नाहीत. पण तेच काडतूस मुंबईच्या विमानतळावर यंत्रात दिसलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो. परवाना नसताना एक जिवंत काडतूसही त्याला पुरतं. माहीत नसताना ते सामानात राहिलं हे पटल्यावर कोर्टांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर पोलीस ठाणं, वकील आणि बुडालेली सुट्टी हे सगळं होऊन गेलेलं असतं. बायकामुलांसमोर तुमच्यावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटलं. तुम्हाला तो उपदेश वाटला असेल, तरी थैली मी आजही शिवणार नाही.

डोंगरात नेलेली पिशवी वेगळी ठेवा आणि विमानाची वेगळी. एकच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कप्पा उलटा करून, शिवणींवरून बोट फिरवून बघा.

पट्टी घेऊन या. काडतुसं आणू नका, साच्याचे नमुने माझ्याकडे आहेत. घरं तुमच्या हातमोज्यांच्या मापाने थोडी सैल करून देतो, छातीच्या पट्ट्यावर चढवूनही देतो, पैसे नाहीत. मंगळवार ते शनिवार दुकान उघडं असतं. दुपारनंतर आलात तर गर्दी कमी असेल.