तंबोरा जुळेपर्यंत खुर्ची जुळवा

डिसेंबर आला, रानात हुरडा लागला, शाळांना नाताळची सुट्टी पडली की सोलापूरकराला कलेची हुक्की येते. येऊ द्या की. उन्हाळ्यात ४२ अंशाला ख्याल कुणाला सुचतोय? जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला की पुन्हा पाळणे, राहुट्या आणि भोंगे आहेतच, तेव्हा रसिकता काय दाखवायची ती या महिनाभरातच उरकायला हवी.

पहिली गोष्ट जागेची. घरातली सोलापुरी चादर बरोबर घ्या. थंडी सोळा-सतरा अंशांची, म्हणजे स्वेटरवर भागते. चादर पांघरायला नव्हेच. ती ६० बाय ९० इंची असते. लांबीकडून आडवी पसरली की २२ इंची खुर्च्या धरून चार जागा आरामात अडतात. मंडळी येणार असतात दुसऱ्या रागाला. तोवर मागे उभ्या असलेल्यांना ‘माणसं आहेत हो’ एवढंच सांगायचं.

आता मैफल. कलाकार येऊन बसतात आणि काहीतरी टुणटुण चालू करतात. घाबरू नका, अजून काही सुरू झालेलं नाही. हीच गप्पांची वेळ. खरं तर त्या वेळी मंचावर मोठी अडचण चाललेली असते. तंबोऱ्याच्या चार तारा: पंचम, दोन जोड, खर्ज. खुंट्यांनी तारा अंदाजे जुळतात, बारकावा मण्यांनी येतो, आणि जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तरी गुंजन मरतं. त्यात बाहेरची गारठलेली वाद्यं आत दिव्यांखाली आली की तारा तापून ढिल्या पडतात, म्हणजे तंबोरा उतरतो. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, मात्र त्याच दिव्यांखाली सुकून ताणली जाते, म्हणजे तबला चढतो. एक खाली, एक वर, आणि हार्मोनियम मध्ये ठाम, कारण तिच्या पट्ट्या कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून तो तबलजी हातोडी घेऊन पुडीच्या कडेचा गजरा ठोकत सोळा घरं पुन्हा पुन्हा तपासतो. त्याला मिळेल त्या स्वरात तुम्ही मागच्या रांगेतल्या मेहुण्यांना हाक मारा. पंचमाच्या जवळपास बसली तर उत्तमच.

मग विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं. मिनिटभर काहीच घडत नाही असं वाटतं, म्हणून व्हॉट्सअॅप बघून घ्या, मोबाइलचा उजेड पूर्ण ठेवून. तोवर गायक त्या मिनिटाच्या शेवटच्या दोन मात्रांत सगळा हिशेब जुळवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरतो आणि तुम्हाला एकदम शेजाऱ्यांचे ‘क्या बात है’ ऐकू येतात. तुम्हीही म्हणा. अर्ध्या सेकंदाने उशीर झाला तरी चालतंय.

टाळीचं तंत्र मात्र शिकून घ्या. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट समेवर. तुम्ही दुसऱ्याला कडकडाट करा. नवखे लोक तिसऱ्यापर्यंत थांबतात. तुम्ही ते आधीच ओळखलंत हे सगळ्यांना कळलं पाहिजे. तीनतालात हाताने ताल धरायचा असेल तर पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्याला खाली, म्हणजे बिनटाळीचा हात, हे बंधन विसरा. खाली कशाला, तिथेच जोरात मारा. मंचावरच्यांना जरा सावध राहू दे.

रेकॉर्डिंग करायचंच. दीड तास हात वर धरायला लागतो, पण हिवाळ्यात व्यायाम बरा. फोन आवाजाची पातळी आपल्याआप सावरतो: गायन हळू असलं की तो वाढवतो, तान जोरात आली की दाबतो. त्यामुळे घरी ऐकताना सर्वांत स्पष्ट काय येतं, तर तुमचं शेंगदाणे चावणं. शेंगा चटणीची पुडी आणली असेल तर कागदाची सुरकुतही येते. तीच लोकांना पाठवा.

सिनेमाचं त्या मानाने सोपं आहे. पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे, मध्यभागी, तिथे चित्र आणि आजूबाजूचे स्पीकर नीट जमतात. ती जागा आधीच गेलेली असते. तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीवर बसून एकाच कानाने गोळीबार ऐका, आणि मग ‘साउंड बकवास होता’ असं सगळ्यांना सांगा. संक्रांतीला मोठे तेलुगू सिनेमे लागतात. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातला प्रेक्षक पहिल्या दिवशी शिट्टी मारतो तेव्हा शेजाऱ्याला विचारा, ‘काय म्हणाला ओ?’ तो सांगेल. सांगेपर्यंत पुढचे दोन संवाद गेलेले असतात, तेही विचारा.

पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, जाणाऱ्यांसाठी वेगळे नियम नाहीत. १९५३ पासून तिथेही हेच चाललंय, फक्त खोकला जास्त सुसंस्कृत आहे.

शेवटी भैरवी, म्हणजे मैफलीची सांगता. ती सुरू झाली की पहिला आलाप संपायच्या आत उठा, कारण पार्किंगची गर्दी वाईट. रांगेतल्या नऊ लोकांचे गुडघे ओलांडा, प्रत्येकाला ‘सॉरी मालक’ म्हणा, चादर झटकून घडी करा. बाहेर गेल्यावर तुमच्या गाडीपुढे तीन मोटारसायकली आडव्या लावलेल्या दिसतील. त्यांचे मालक आत बसून भैरवी ऐकताहेत, आणि ती संपल्याशिवाय ते हलायचे नाहीत.