अकिलीज रडला नाही म्हणे!

"इलियडमधले तरुणांसाठी पाच धडे" हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. इलियड म्हणजे प्राचीन ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, आणि अकिलीज त्यातला सगळ्यात मोठा ग्रीक वीर. मी वाचून सोडून दिला होता. पण गेल्या महिन्यात भाच्याचा जिवलग मित्र अपघातात गेला, पोराचं रडणं थांबेना, तेव्हा त्याच्या काकांनी हाच त्याला पाठवला. धडा पहिला: "ग्रीक वीर कधी रडत नसत. अकिलीजसारखा कणखर हो."

काकांनी इलियड उघडून तरी पाहिलंय का? पहिल्याच सर्गात सेनापतीने अपमान केला म्हणून अकिलीज समुद्रकाठी बसून आईला हाका मारत रडतो. अठराव्या सर्गात त्याचा जिवाभावाचा सोबती पेट्रोक्लस लढाईत मारला गेल्याची बातमी येते. हा डोक्यात राख घालतो, मातीत लोळतो, केस उपटतो. बातमी आणणारा अँटिलोकस स्वतः रडत त्याचे हात धरून ठेवतो, कारण हा गळा चिरून घेईल अशी त्याला धास्ती. म्हणे कधी रडत नसत!

हो, सोळाव्या सर्गात हाच अकिलीज रडणाऱ्या पेट्रोक्लसला चिडवतो, आईचं वस्त्र ओढणाऱ्या चिमुरडीसारखा काय रडतोस म्हणून. फॉरवर्डवाल्यांना हवं ते वाक्य तिथे आहे, घ्या. फक्त ज्याला ते ऐकवलं तो त्याच दिवशी मरतो.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांनी १९९४ साली 'अकिलीज इन व्हिएतनाम' लिहिलं ते याच काव्याला धरून. वरिष्ठाने केलेला दगा, सोबत्याचा मृत्यू, मग बेभान सूड: रुग्णांच्या तोंडून त्यांना तीच गोष्ट ऐकू येत होती. मेलेल्या सोबत्यासाठी रडायला सैन्यात जागा नव्हती, आणि अडलेलं दुःख रागात उतरलं, असं त्यांचं म्हणणं. होमर आज कशाला वाचायचा, तर यासाठी.

बाकीचे धडे काय सांगायचे! टाचेत बाण लागून अकिलीजचं मरणं आणि ग्रीकांना ट्रॉयमध्ये शिरवणारा लाकडी घोडा, दोन्ही इलियडमध्ये नाहीतच. घोडा होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत येतो, टाचेची कथा होमरनंतर कित्येक शतकांची. "शत्रूला दया नको" म्हणे. लढाईची रग काव्यात आहे, नाही कशाला म्हणू, पण ते संपतं शत्रूच्याच, म्हणजे पेट्रोक्लसला मारणाऱ्या आणि मग अकिलीजने मारलेल्या ट्रॉयच्या हेक्टरच्या, अंत्यविधीवर.

काकांना अठरावा सर्ग पाठवलाय. भाच्याला चोविसावा: हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला अकिलीजच्या तंबूत येतो, दोघं पोटभर रडतात, आणि मग अकिलीज त्याला जेवायला बसवतो.